निचऱ्याची नळी पुरण्यासाठीं खोदयंत्रांत केलेले फेरफार

कृष्णा, वारणा आणि पंचगंगा यांच्या कांठच्या काळ्या जमिनींत ज्यांची शेती आहे, त्यांस पांढरी पडलेली जमीन कशी दिसते हें सांगावयास नको. चैत्र-वैशाखांत ढेकळांवर मिठासारखा थर येतो. उंसाचा कोंब दोन-चार पानांवर येऊन पिवळा पडतो. आणि दोन हात खोदलें न खोदलें तोंच पाणी लागतें. जेथें वाडवडिलांनीं शाळू व हरभरा घेतला, तेथें लव्हाळ्यावांचून दुसरें कांहीं उगवेनासें होतें. हें संकट आजचें नव्हे. नीरा डावा कालवा १८८५ मध्यें सुरू झाला, आणि पंचवीस वर्षांनीं, १९१० मध्यें, डॉ. हॅरल्ड मॅन व श्री. ताम्हणे यांस नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. तेव्हांपासून कालवे वाढले, नदीवरून पाणी उचलणाऱ्या योजना वाढल्या, ऊंस वाढला आणि त्याबरोबर पांढरी जमीनही वाढली.

उपायाविषयीं आतां वाद उरलेला नाहीं. पिकास पाणी मोजकें द्यावें, आणि जमिनीच्या पोटांत साचलेलें पाणी नळ्यांवाटे ओढ्यास काढून द्यावें, हा तो उपाय. पूर्वीं या नळ्या भाजलेल्या मातीच्या असत. आतां छिद्रें पाडलेल्या पन्हळी प्लॅस्टिकच्या नळ्यांचीं वेटोळीं मिळतात, आणि बारीक माती आंत शिरूं नये म्हणून त्यांवर धाग्याचें वेष्टन घातलेलें असतें. नळी कोणती घ्यावी आणि दोन नळ्यांत अंतर किती ठेवावें, यांविषयीं सल्ला देणारे पुष्कळ आहेत. परंतु ती नळी ज्या चरांत निजवावयाची, तो चर कसा खोदावा याविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. आमचा अनुभव असा कीं, निचऱ्याचें काम फसतें तें बहुतकरून चराच्या तळाशींच फसतें. म्हणून भाड्यानें मिळणाऱ्या साध्या खोदयंत्रांत थोडक्या खर्चानें कोणते फेरफार करावे, म्हणजे चराचा तळ सरळ राहील व नळी माणसास धोका न होतां बसेल, एवढाच विषय आम्हीं येथें घेतला आहे.

आमची पहिली चूक

२०२१ च्या उन्हाळ्यांत ऊंस निघाल्यावर आम्हीं आमच्या सहा एकरांच्या तुकड्यांत नळ्या घातल्या. मातीची तपासणी करवून दोन नळ्यांतील अंतर ८० फूट ठरविलें होतें. एकराचे ४३,५६० चौरस फूट; त्यांस ८० नें भागिलें म्हणजे एकरीं सुमारें ५४५ फूट नळी लागते, आणि सहा एकरांस सुमारें ३,२७० फूट. खोदाईसाठीं भाड्यानें यंत्र आणलें. पुढें रुंद फावडें, मागें लांब हात व हाताच्या टोकास बकेट, असें जें यंत्र हल्लीं गांवोगांव दिसतें आणि बनावट कोणाचीही असली तरी लोक ज्यास सरसकट जेसीबी म्हणतात, तेंच हें. चालक हुषार होता; विहिरी व शेततळीं त्यानें पुष्कळ खोदलीं होतीं. आम्हीं त्यास सांगितलें, 'चार फूट खोल खोदा.' त्यानें चार फूट खोदलें. मोजकाठी घेऊन आम्ही स्वतः चराच्या कांठीं उभे होतों, आणि कोठेंही चार फुटांस इंचभर कमी भरत नाहीं याचें समाधान मानीत होतों.

चूक नेमकी तेथेंच होती. चार फूट आम्ही मोजीत होतों ते जमिनीच्या पाठीपासून. पण जमिनीची पाठ सपाट कोठें असते? जुन्या बांधाचा उंचवटा, पाटाची घळ, उंसाच्या सरींचे चढउतार, हें सर्व वर जसें होतें तसेंच्या तसें चार फूट खालीं उतरलें. चराचा तळ म्हणजे जमिनीच्या पाठीची नक्कल झाली, आणि नळी त्या नकलेवर निजली.

त्याच वर्षीं जुलैंत कृष्णेस महापूर आला व आमचें शेत पाण्याखालीं गेलें. पूर ओसरल्यावर नळ्यांचीं तोंडें वाहूं लागलीं आणि पहिलें वर्ष बरें गेलें. दुसऱ्या उन्हाळ्यांत तीन नळ्यांची धार बारीक झाली. २०२३ मध्यें त्या अगदीं बंद पडल्या आणि त्यांच्या वरची जमीन पुन्हां पांढरी दिसूं लागली. आम्हीं दोष महापुरास दिला. पुराचा गाळ नळींत शिरला असें जो तो म्हणे, आणि आम्हांसही तें पटे, कारण त्यांत आमच्याकडे कांहीं उणेपणा येत नव्हता.

२०२४ च्या फेब्रुवारींत त्यांपैकीं एक नळी १५० फुटांपर्यंत उघडी केली. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीनें दर १० फुटांवर पातळी घेतली आणि आंकडे कागदावर मांडले. तेव्हां डोळे उघडले. पुरलेली नळी कोठें नेमलेल्या रेषेच्या तीन इंच खालीं होती, तर कोठें दोन इंच वर. जेथें खालीं, तेथें ती दोन-तृतीयांश गाळानें भरलेली. जेथें वर, तेथें नवीसारखी स्वच्छ. गाळ पुराबरोबर तोंडांतून आला असता, तर तोंडाजवळ अधिक व आंत आंत कमी आढळला असता. तसें नव्हतें. गाळ खळग्याखळग्यांत बसला होता. पूर निर्दोष होता; दोष आमच्या मोजकाठीचा होता.

उताराचें महत्त्व

आम्हीं नळीस धरलेला उतार शंभर फुटांस अडीच इंच. हा उतार डोळ्यांस दिसत नाहीं. ८० मिलिमीटरची नळी म्हणजे तीन इंचांहून किंचित अधिक व्यासाची. तिचा एखादा भाग पुढल्या भागापेक्षां दीड इंच खालीं बसला, तर तेथें पाणी नेहमीं दीड इंच उभें राहतें. वाहतें पाणी बारीक माती बरोबर नेतें. उभें पाणी ती खालीं टाकतें. आणि हळूहळू अर्धी नळी बुजते. खोली दोन-चार इंच कमी-अधिक झाली तर पिकास तें कळतही नाहीं, परंतु उतार इंचभर चुकला कीं नळीस तो कळतो. हें सूत्र ध्यानांत ठेविलें म्हणजे यंत्रांत काय बदलावयास हवें तें आपोआप ठरतें. खोली जमिनीपासून मोजावयाची नाहीं. हवेंत धरलेल्या एका रेषेपासून मोजावयाची.

ही युक्ति आमची नव्हे. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत जिनिव्हा गांवाजवळ जॉन जॉन्स्टन नांवाचा मूळचा स्कॉटलंडचा शेतकरी होता. त्यानें १८३५ मध्यें मायदेशाहून खापरी नळ्यांचे नमुने आणविले, कुंभाराकडून तशा नळ्या करविल्या आणि १८३८ पासून त्या आपल्या शेतांत पुरल्या. त्या काळीं चर हातानेंच खणीत. पुढें ओहायो राज्याच्या वायव्येस, ब्लॅक स्वॅम्प या दलदलीच्या मुलखांत, जेम्स हिल यानें फिरत्या चाकास बादल्या लावून चर खोदणारें यंत्र बनविलें. त्याचें पेटंट १८९४ चें आहे. त्या जातीचें वाफेवर चालणारें १९०२ सालचें एक यंत्र ओहायोंतील फिंडले येथें जपून ठेविलें आहे. अशा यंत्रांची खरी करामत खोदणाऱ्या चाकांत नव्हती. शेतांत चराच्या ओळीनें ठराविक उंचीचीं निशाणें उभीं करीत, आणि यंत्रावरील नेमाची दांडी त्या निशाणांच्या रेषेंत राहील अशा बेतानें चालक चाक खालींवर करी. जमीन उंच असो वा सखल, तळ निशाणांच्या रेषेशीं समांतर राही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस निशाणांची जागा लेसर किरण घेऊं लागला. साधन बदललें, तत्त्व तेंच राहिलें.

चाकाचीं वा साखळीचीं तीं मोठीं यंत्रें आपल्या दोन-चार एकरांच्या तुकड्यांत आणणें परवडत नाहीं, व तीं वळविण्यास जागाही नसते. परंतु त्यांतील तत्त्व गांवच्या खोदयंत्रास लावण्यास अडचण नाहीं. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत आम्हीं तसें करून बंद पडलेल्या तीन नळ्या नव्यानें घातल्या. त्यासाठीं केलेले चार फेरफार असे.

पहिला फेरफार : अरुंद बकेट

यंत्राबरोबर आलेली बकेट अडीच फूट रुंद होती. चार फूट खोल व शंभर फूट लांब चरांतून ती १,००० घनफूट माती काढते. एक फूट रुंदीची बकेट ४०० घनफूट काढते. म्हणजे दर शंभर फुटांमागें ६०० घनफूट माती उगाच काढावयाची व पुन्हां लोटावयाची. शिवाय खालची खारवट माती वरच्या चांगल्या मातींत मिसळते, तें नुकसान निराळें. आम्हीं तालुक्याच्या गांवीं वेल्डिंगच्या दुकानांत एका मोडीत निघालेल्या बकेटीचे कान, म्हणजे जेथें हाताच्या पिना बसतात तो भाग, कापून घेतले व त्यांस जाड पत्र्याची एक फूट रुंदीची नवी बकेट जोडून घेतली.

यांत तीन गोष्टींकडे लक्ष द्यावें. तोंडाकडील रुंदी बारा इंच असेल तर पाठीकडील अकरा ठेवावी. नाहींतर बकेटीच्या बाजू चराच्या भिंतींस घासून अडकतात. दुसरें, ओली काळी माती अरुंद बकेटींत साच्यांतील मोदकाप्रमाणें घट्ट बसते व बकेट उलटी केली तरी पडत नाहीं. यासाठीं बकेट उथळ व तोंडाकडे पसरत जाणारी करावी, आणि पाठीस रुपयाएवढीं चार-पांच भोकें पाडावीं, म्हणजे आंत हवा शिरून माती सुटते. तेवढ्यानें न भागल्यास यंत्राच्या हातास एक लोखंडी जीभ अशी बसवावी कीं, बकेट उघडतांना ती आंत शिरून माती बाहेर ढकलील. तिसरें, पिनांची जाडी व त्यांमधील अंतर मूळ बकेटीप्रमाणें तंतोतंत ठेवावें. येथें ढिलाई राहिली तर बकेट डुलते आणि पुढची सारी मोजणी व्यर्थ जाते.

येथेंच एक इशारा देऊन ठेवतों. वेल्डिंग करावयाचें तें आपल्या बकेटीवर. यंत्राच्या हातावर तें करूं नये. त्यानें हाताचें पोलाद कमजोर होतें, आणि यंत्र तर परक्याचें असतें. हातावर जें कांहीं बसवावयाचें तें पट्ट्या व बोल्ट यांनीं आवळून बसवावें, आणि तेंही मालकाच्या संमतीनें.

दुसरा फेरफार : तळाची पाती

बकेटीचे दात कठीण जमिनींत उपयोगी पडतात. पण ते तळावर नांगरल्यासारख्या रेघा ओढतात, आणि अशा तळावर नळी ठिकठिकाणीं अधांतरीं राहते. म्हणून दातांवर बोल्टांनीं बसणारी एक सपाट पोलादी पाती केली. आमच्या काळ्या जमिनींत दगड नसल्यामुळें ती कायम ठेवतां आली. मुरूम लागेल तेथें ती काढून दात मोकळे करावे. पातीच्या मध्यावर, खालच्या अंगास, चार इंची लोखंडी नळीचा उभा चिरलेला अर्धा तुकडा जोडला. बकेट ओढली जातांना हा तुकडा तळावर अर्धगोल पन्हळ कोरीत जातो आणि वेष्टनासह नळी त्या पन्हळींत चपखल बसते. प्लॅस्टिकची नळी लवचिक असते. तिला खालून व बाजूंनीं आधार मिळाला नाहीं, तर वरच्या मातीच्या भारानें ती चपटी होते. पन्हळीमुळें तीही भीति जाते.

तिसरा फेरफार : हवेंतील रेषा

हा फेरफार सर्वांत स्वस्त व सर्वांत महत्त्वाचा आहे. यंत्राच्या हातावर एक आडवी पट्टी आवळून बसविली व तिला पांढरा रंग दिला. हात ओळंब्यांत उभा असतां व बकेट एका ठराविक स्थितींत असतां, चराच्या तळापासून या पट्टीपर्यंतची उंची नेमकी ९ फूट भरेल अशी ती बसविली. हात ओळंब्यांत आहे कीं नाहीं हें कळावें म्हणून त्याच्या कुशीस ओळंबा टांगला व मागें एक उभी रेघ काढली. बकेट ठराविक स्थितींत यावी म्हणून ती फिरविणाऱ्या जॅकच्या दांड्यावर रंगाची खूण केली. या दोन खुणा जुळल्यावांचून घेतलेलें माप खरें समजूं नये.

आतां निशाणें. चराच्या ओळीपासून दहा फूट बाजूस, यंत्राचा धक्का लागणार नाहीं अशा जागीं, दर २५ फुटांवर खुंटी ठोकून त्यांच्या माथ्याची पातळी पाण्याच्या नळीनें आधींच काढून ठेवावी. प्रत्येक खुंटीसमोर तळ किती खालीं यावयास हवा, याचा तक्ता करावा. खोदलेल्या चरावर दोन खांबांची आडव्या पट्टीची कमान उभी करावी. पट्टीची उंची तक्त्यावरून अशी ठरवावी कीं, त्या जागच्या नेमलेल्या तळापासून ती बरोबर ९ फूट असावी. अशा दोन कमानी ५० फुटांच्या अंतरानें उभ्या केल्या म्हणजे त्यांच्या वरच्या कडांतून जाणारी रेषा नळीच्या उताराशीं समांतर होते. चर चार फूट खोल असतां ही रेषा जमिनीपासून पांच फुटांवर, म्हणजे माणसाच्या नजरेच्या सुमारास येते. एका मनुष्यानें मागल्या कमानीपाशीं उभें राहून दोन्ही कडा एका रेषेंत धराव्या व यंत्रावरील पांढरी पट्टी पाहावी. पट्टी रेषेच्या वर दिसली तर आणखी खोदावें. रेषेंत आली कीं थांबावें. यंत्र पुढें गेलें कीं कमानीही पुढें न्याव्या. दोन कमानींमधील अंतराच्या निम्म्याहून अधिक पुढें नजरेची रेषा वाढवूं नये. पहिल्या ५० फुटांस कमानींसाठीं चर झालेला नसतो. तेथें पावलोपावलीं खुंटीवरून माप घ्यावें.

चुकून अधिक खोदलें गेलें तर तो खळगा सुट्या मातीनें भरूं नये. ती पुढें दबते. जाड वाळू वा बारीक खडी घालून ठोकून घ्यावी. ज्यांस लेसरचें साधन मिळूं शकेल त्यांनीं पांढऱ्या पट्टीच्या जागीं त्याचा दिवे लागणारा ग्राहक बसवावा. मग कमानींची गरज राहत नाहीं. मात्र लेसर आला म्हणून ओळंबा काढून टाकूं नये. हात तिरपा असतां लेसरही खोटें सांगतो.

चौथा फेरफार : नळीची पेटी

२०२१ मध्यें नळी निजविण्यासाठीं माणूस चरांत उतरत असे. एके दुपारीं कांठ एकदम ढांसळला आणि आमचा एक गडी कंबरेपर्यंत गाडला गेला. एक घनफूट ओली माती सुमारें ५० किलो वजनाची असते. पायांवर अशी माती किती आली असेल याचा वाचकांनींच हिशेब करावा. यंत्रानें उकरणें धोक्याचें म्हणून चौघांनीं हातांनीं माती काढली व पाऊण तासानें त्यास वर घेतलें. पाय वांचला, परंतु तो दोन महिने कामास येऊं शकला नाहीं. तो नळी बसविण्यासाठीं नुकताच वांकणार होता. वांकला असता तर आज हा लेख लिहिण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें. चार फुटांचा चर कोणास खोल वाटत नाहीं. नळी निजविणाऱ्याच्या वांकलेल्या मानेस मात्र तो पुरेसा खोल असतो.

बारा इंचांच्या चरांत माणूस उतरूंच शकत नाहीं, हा अरुंद बकेटीचा मोठा गुण. मग नळी खालीं जावी कशी, यासाठीं पेटी केली. सहा फूट लांब व साडेचार फूट उंच असे दोन जाड पत्रे दहा इंचांच्या रुंदींत आडव्या गजांनीं जोडले. तळ उघडा ठेवला. दोन्ही पत्र्यांच्या खालच्या कडा पन्हळीच्या दोन्ही अंगांस तळावरून घसरत जातात. आंत वरून खालपर्यंत तीन फूट त्रिज्येच्या वळणाचें पत्र्याचें नळकांडें बसविलें, आणि त्याच्या खालच्या तोंडाशीं एक लहान रूळ लावला. नळी वरून नळकांड्यांत शिरते, वळणावरून खालीं येते व रूळ तिला पन्हळींत दाबतो. वळण याहून तीव्र करूं नये, नळी मुडपते. पेटीच्या पुढें साखळी आहे. आठ-दहा फूट तळ तयार झाला कीं साखळी बकेटीच्या आंकड्यास अडकवून यंत्र पेटी पुढें ओढतें. पेटी ओढली जात असतां कोणीही चराच्या कांठीं किंवा साखळीजवळ उभें राहूं नये.

काम चालविण्याची रीत

काम नेहमीं ओढ्याकडील तोंडापासून सुरू करून चढाकडे न्यावें. म्हणजे चरांत पाझरणारें पाणी आपोआप वाहून जातें आणि यंत्र कोरड्या जमिनीवर मागें मागें सरकत राहतें. चार माणसें लागतात: एक चालक, एक निशाण पाहणारा, एक वेटोळें सोडणारा आणि एक मागून माती लोटणारा. वेटोळें सोडणाऱ्यानें नळीस ताण देऊं नये. ताणलेल्या पन्हळी नळीची ताकद कमी होते. नळी बसतांच तिच्यावर फूटभर भुसभुशीत माती वरूनच लोटावी. नाहींतर चरांत पाणी असल्यास ती तरंगून वर येते. त्यापूर्वीं दर २५ फुटांस खुंटीवरून नळीच्या माथ्याची उंची मोजकाठीनें घेऊन वहींत टिपावी. अर्ध्या इंचाहून अधिक फरक आढळल्यास तेवढी नळी तेव्हांच उचलावी. उघड्या चरांत ती चूक दहा मिनिटांत सुधारते. पुरल्यावर तीच सुधारावयास आम्हांस तीन वर्षें लागलीं.

पहिल्या दिवशीं आमचें दीडशें फूटही काम झालें नाहीं, आणि भाडें तासावर चालू असल्यामुळें जिवाची घालमेल झाली. सराव झाल्यावर दिवसास चारशें-पांचशें फूट होऊं लागलें. माती कमी काढावी लागत असल्यामुळें यंत्राचे एकंदर तास पूर्वीपेक्षां वाढले नाहींत.

फळ काय मिळालें

२०२४ च्या पावसाळ्यांत तीनही नळ्या वाहूं लागल्या आणि त्यांचें पाणी जिभेस खारट लागे. २०२५ च्या चैत्रांत त्यांच्या वरची जमीन पांढरी दिसली नाहीं. पूर्वीं जेथें सर्वांत मोठा खळगा होता तेथें मुद्दाम उकरून नळी पाहिली. आंत गाळ नव्हता. परंतु खालच्या टोकाची एक पट्टी अद्याप सुधारली नाहीं, आणि तिचें कारण यंत्रांत नाहीं. ओढ्यांत झाडी व गाळ वाढला असल्यानें पावसाळ्यांत नळीचें तोंड पाण्याखालीं जातें. आपला उतार कितीही बिनचूक असला तरी ज्या ओढ्यास पाणी द्यावयाचें तोच तुंबलेला असेल, तर नळी काय करील? ओढा एकट्याचा नसतो. तो साफ करणेंही एकट्याचें काम नव्हे.

आणखी एक गोष्ट. पांढरी जमीन सगळी एका जातीची नसते. जी केवळ क्षारयुक्त आहे, ती निचरा व गोडें पाणी मिळाल्यानें धुऊन निघते. परंतु जिचा सामू साडेआठांहून अधिक आहे आणि जिच्यांत विनिमययुक्त सोडियम शेंकडा पंधरांहून अधिक आहे, ती चोपण. तिच्यांतून पाणी खालीं उतरतच नाहीं. तिला नळीबरोबर जिप्सम व हिरवळीचें खत द्यावें लागतें. यासाठीं चर खोदण्यापूर्वीं मातीची तपासणी अवश्य करवावी.

अरुंद बकेट, पाती, पेटी आणि कमानी हें सर्व सामान वर्षांतून फार तर पंधरा दिवस एका शेतकऱ्याच्या कामीं येतें. उरलेले दिवस तें गोठ्याच्या भिंतीस टेकून गंजतें. तें गांवाच्या सोसायटीनें एकदां करवून ठेवावें व ज्याचा ऊंस निघेल त्यास पाळीपाळीनें द्यावें, अशी आमची सभासदांस सूचना आहे. आमचें सामान आम्हीं शेजाऱ्यांस असेंच देत आहों. मात्र देतांना एक अट घालतों: खुंट्यांचा तक्ता तयार झाल्याचें दाखविल्यावांचून बकेट मिळणार नाहीं. यंत्र माती काढील. ती कोठें थांबवावयाची, हें त्यास आपणच सांगितलें पाहिजे.